धाकटीच्या काळ्या काचा

११ फेब्रुवारी

धाकटी आली. बॅग टॅक्सीवाल्याला उचलू दिली, पण एक चपटी पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून स्वतः आणली. आई दारात उभी होती. गेले कित्येक आठवडे आई माझा हात धरल्याशिवाय बाहेरच्या खोलीतसुद्धा येत नाही. आज दारापर्यंत गेली.

पेटीत काचा आहेत. तळहाताएवढ्या, काळ्याभोर. पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे सौर सेल. दोन काचांच्या मध्ये त्या पदार्थाचा कागदाहून पातळ थर आणि चारी कडांना सील. शाईसारखा ओतायचा, गरम करून वाळवायचा, झाला सेल तयार. स्वस्त, हलका, आणि वीज देण्यात आपल्या जुन्या सिलिकॉनच्या तोडीचा. हे सगळं प्रयोगशाळेच्या आत. उघड्यावर, ऊन-वारा-दमटपणात तो किती टिकतो, हा खरा प्रश्न. तो प्रश्न घेऊन ती माझ्या गच्चीवर आली आहे.

संस्थेच्या गच्चीवरचं चाचणी केंद्र मी सांभाळते. लोकांनी आणलेले पॅनल उन्हात मांडायचे, रोज मोजायचे आणि जे दिसेल ते लिहायचं. काम कंटाळवाणं आहे. म्हणूनच इतकी वर्षं कोणी माझ्याकडून ते मागितलं नाही.

जूनमध्ये समिती बसणार. तोवर सेलनी सुरुवातीच्या ऐंशी टक्के तरी वीज दिली, तर धाकटीच्या गटाचं काम पुढे चालू राहील. नाही दिली तर गट बंद. हे तिने जेवताना सांगितलं, भाजी वाढून घेता घेता.

"बंद म्हणजे?" आईचा घास हातातच राहिला.

"बंद म्हणजे बंद. मग मी येते तुझ्याकडे राहायला. ताईच्या जिवावर."

यांना हसता हसता ठसका लागला. पाणी मी दिलं.

"एवढ्या गच्च्या असताना माझीच का?" मी विचारलं.

"कारण तुझ्या आकड्यावर कोणी वाद घालत नाही."

तोंडावर गोड बोलणं तिला लहानपणापासून जमतं. खरं कारण मला कळतं. शाबासकी घ्यायची तर ती ताईच्या डोळ्यांदेखत.

१३ फेब्रुवारी

सेल मांडले. तिरकी लोखंडी चौकट, प्रत्येक सेलच्या चारी कोपऱ्यांना क्लॅम्प, क्लॅम्पखाली रबराची गादी, वर नट. मी पाना हातात घेतला तशी धाकटी पुढे आली.

"ताई, पाना नको. बोटांनीच आवळ. काच पातळ आहे आणि कडेचं सील मऊ असतं."

"इथला वारा पाहिलायस का कधी?"

"पाहिलाय गं. तरी बोटांनीच. प्लीज."

"बरं."

दुपारी ती खाली संचालकांकडे चहाला गेली. मला कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी काम टाकून मी गेले नसते. मी पाना काढला. एका कंपनीचा पॅनल याच गच्चीवरून उडून खाली उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर पडला होता. तेव्हापासून माझ्या गच्चीवर एकही नट बोटांच्या भरवशावर सोडलेला नाही. लाडक्या मालाला वेगळा नियम नाही. एका सेलच्या नटांचे आटे झिजलेले निघाले, पाना लावला की नुसते फिरत राहायचे. ते बोटांनी बसतील तेवढे बसवले आणि वरून तार गुंडाळली. बाकीचे कचकचून आवळले. मनगट दुखलं, पण बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

धाकटी परत तिच्या गावी गेली. आई दिवसभर पडून. "तुला काय होतंय?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही, घर मोकळं वाटतं." घरात मी आहे, हे आहेत. मोकळं कुठून वाटतं?

सेलची मोजणी सुरू. व्होल्टेज खालून वर चढवत न्यायचा, मग वरून खाली आणायचा आणि दोन्ही वेळा वीज पाहायची. सिलिकॉन दोन्ही वेळा एकच उत्तर देतो. धाकटीचे सेल दोन देतात. वरून खाली येताना जास्त, खालून वर जाताना कमी. विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर! कोणाच्या हातचे आहेत ते लगेच कळतं.

फोन केला. ती म्हणाली, "या जातीच्या सेलचं ते असतंच, ताई. दोन्ही लिही, आणि एका जागी स्थिर ठेवून मिळेल तो आकडा धर."

अहवालात स्थिर आकडाच जाईल, तसा नियमच आहे. पण भिंतीवरच्या फळ्यावर, जिथे येणारे-जाणारे वाचतात, तिथे मी कमीचा आकडा लिहिला.

५ मार्च

आणखी एक खोड सापडली. हे सेल दुपारपर्यंत थोडे थकतात आणि रात्रभर अंधारात पडून सकाळी पुन्हा ताजेतवाने होतात. मी नोकरीला लागले त्या वर्षी लावलेला सिलिकॉनचा एक पॅनल अजून गच्चीच्या कोपऱ्यात उभा आहे. दर वर्षी थोडा उतरतो, कोणाच्या लक्षातही येऊ नये इतका. त्याला कधी विश्रांती लागली नाही. त्याच्यासाठी कधी कोणी गच्ची चढूनही आलं नाही.

आज मात्र संचालक चढले. दम लागला होता, तरी चेहरा खुललेला. सोबत एक पत्रकार आणि एक फोटोवाला. पत्रकाराने धाकटीची मुलाखत आधीच घेतली होती. मला म्हणाला, "तुमच्या बहिणीने तुमच्याबद्दल सांगितलं. म्हणाल्या, ताईच्या गच्चीइतकी कडक गच्ची मी कुठेच पाहिली नाही."

कडक. चारचौघांत, वर्तमानपत्रात, सख्ख्या बहिणीबद्दल हाच शब्द सुचला तिला.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होता का? तुमची सावली सेलवर पडतेय."

झाले.

१४ मार्च

फोटो छापून आला. आईने कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवलं. "उपजतच हुशार ती," यांना सांगत होती. उपजत! बीजगणित कोणी शिकवलं तिला? वही फेकून रडत होती तेव्हा कोणी बसवलं समोर?

सेल ठणठणीत आहेत. एकही आकडा हलत नाही. रोज धुकं पडतंय तरी हलत नाही.

२९ मार्च

आज तिसऱ्या सेलच्या कोपऱ्यात, रबराच्या गादीला लागून, नखाएवढा पिवळा डाग दिसला.

या पदार्थात ओल शिरली की तो काळ्याचा पिवळा होतो, आणि पिवळा झालेला भाग वीज देत नाही. भिंग घेऊन नीट पाहिलं. प्रकाशाचा खेळ नाही, डागच आहे. नोंद केली, फोटो काढला, धाकटीला पाठवला. खाली येऊन चहा केला. त्यात साखर घातली. एरवी मी साखर घेत नाही.

९ एप्रिल

आता पाच सेलना डाग. सगळे कोपऱ्यांत. आकडेही उतरायला लागले. मी हल्ली लवकर निघते, ऊन वर यायच्या आत एक फेरी मारलेली बरी.

आज दारातच यांनी अडवलं. "रविवार आहे."

"माहीत आहे."

"लग्न झाल्यापासून माझ्या तोंडाकडे पाहिलं नसशील इतकं तू त्या काचांच्या कोपऱ्यांकडे पाहतेस."

"तुमचं तोंड पिवळं पडलं की बघीन."

हे हसले. मग म्हणाले, "पण तिचं सगळं बुडेल गं यात." म्हणजे यांनाही तिचीच काळजी. काम म्हणून जाते मी, कोणी बुडावं म्हणून नाही. निरीक्षणात खंड पडू नये, एवढंच.

झिजलेल्या नटांच्या सेलवर मात्र अजून डाग नाही. नशीब म्हणायचं.

२३ एप्रिल

धाकटी पाहायला आली. गच्चीवर गुडघ्यांवर बसून एकेका सेलकडे पाहत राहिली. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, तेही बाजूला केले नाहीत.

"सील चुकलं आमचं," ती म्हणाली. "आत काही बिघडलेलं नाही, कडेनेच ओल येतेय. माझ्याकडे सीलचं काम करणारी बाई आहे, तिला काय सांगू मी आता?"

"खरं ते सांग."

"हो." मग तिने एका क्लॅम्पला बोट लावलं. "ताई, हे नट..."

"नटांचं काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "काही नाही," म्हणाली आणि उठली. गुडघ्यांवर चौकटीचा गंज लागला होता. मी रुमाल दिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "सारखी घाईत असतेस, म्हणून होतं असं. ताईकडे बघ जरा. एक काम हातात घेतलं की कशी नीट करते."

"जन्मभर तेच ऐकतेय, आई. ताईकडे बघ, ताईकडे बघ."

मी बाहेर होते हे दोघींना माहीत होतं. मला ऐकू जावं म्हणूनच बोलल्या असणार. नाहीतर आईच्या तोंडून हे कधी निघायचं?

रात्रीच्या गाडीने ती गेली. जाताना म्हणाली, "तुझं बरंय, आई तुझ्याकडे आहे." औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या, जिन्यावरून धरून नेणं, हे बरं म्हणायचं असेल तर आहे बापडं.

२० मे

सरासरी ऐंशीच्या खाली गेली. दोनदा तपासलं, यंत्र बदलून तिसऱ्यांदा तपासलं. नियम म्हणजे नियम. निकालाच्या रकान्यात "नापास" लिहिलं. कारण: कडेच्या सीलमधून ओल शिरली. अक्षर चांगलं आलं.

घरी येऊन आईच्या आवडीची भाजी केली. आई म्हणाली, "आज काय विशेष?" काही नाही म्हटलं.

३ जून

सेल उतरवले.

पाना लावून नट सोडवायला जोर पडला, तेव्हाही काही मनात आलं नाही. पहिला क्लॅम्प निघाला, रबराची गादी उचलली, आणि खाली गादीच्याच आकाराचा पिवळा अर्धचंद्र दिसला. दुसऱ्या कोपऱ्यात तसाच. तिसऱ्यात तसाच, आणि तिथे काचेला केसाएवढी चीर. सील बाकी सगळीकडे शाबूत होतं, फक्त गादीखाली चेपून बाहेर आलेलं. मी सगळे सेल उलटून टेबलावर मांडले. जिथे जिथे पान्याने आवळलं होतं, तिथे तिथे अर्धचंद्र.

मग तार सोडून झिजल्या नटांचा सेल काढला. चारी कोपरे काळे. मोजला. जवळजवळ पहिल्या दिवसाइतकी वीज.

वारा इथे खरंच असतो. पॅनल खरंच उडाला होता. नियम मी हिच्यासाठी मुद्दाम केला नव्हता, आधीपासूनचा होता. बोटांनी आवळ म्हणाली होती, पण कोण काय म्हणतं त्यावर गच्ची चालत नाही.

हे लिहिताना पटतं. टेबलासमोर उभं राहिलं की पटत नाही.

समितीपुढे आकडे जातात. गाद्यांखाली काय होतं हे आजवर कोणी विचारलेलं नाही. चार सेल रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले, का ते माहीत नाही. टेबलावर तसेच राहायला नकोत म्हणून असेल.

आईने विचारलं, "झाली का गं ती पास?"

"नाही."

आई उठली. कपाटाशी गेली आणि ते कात्रण कोपऱ्यात सुटलं होतं ते अंगठ्याने दाबून परत चिकटवलं.

५ जून

समिती.

लांब टेबल, एका टोकाला संचालक, बाजूला चार-पाच बाहेरचे सदस्य. धाकटी माझ्या समोर. इस्त्री केलेले कपडे, डोळ्यांखाली काळं. मी अहवाल वाचला. सगळा. "नापास" हा शब्दही वाचला. आवाज नेहमीसारखाच होता.

एक म्हातारे सदस्य धाकटीला म्हणाले, "आमच्या केंद्रावर पुन्हा तपासून घ्या. आमची पद्धत थोडी सैल आहे. पास होऊनही जाल."

तिच्यासाठी दार उघडलं होतं. मला वाटलं, आता आत शिरेल.

ती उठली. "नको, सर. ताईंच्या..." तिने शब्द बदलला, "मॅडमच्या गच्चीवर जे नापास झालं ते नापास. दुसऱ्या गच्चीवरून पास झाले तर मलाच झोप लागणार नाही. सील कमी पडलं. माझ्या माणसांची चूक नाही, माझी आहे. गट बंद करायचा तर करा, फक्त त्यांना दुसरीकडे घ्या."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. एक सदस्य बाई सकाळपासून घड्याळ बघत होत्या, त्यांनी धाकटीच्या दंडावर हात ठेवला. म्हातारे म्हणाले, "अशी माणसं कुठे मिळतात आता!" आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

बघा. नापास होऊनही ओवाळून घ्यायला हीच पुढे. महिनोन्‌महिने उन्हात उभी राहिले मी, आकडे माझे, आणि त्या खोलीत एकाचीही नजर माझ्याकडे नव्हती. हा सगळा मोठेपणा ती कशावर मिरवत होती? माझ्या चुकीवर. माझ्या! स्वतःची म्हणून अंगाला लावून घेत होती, आणि लोक पाणावलेले डोळे पुसत होते. ते मला बघवेना.

"एक मिनिट," मी म्हणाले. "चूक तिची नाही. बसायला सांगा तिला."

पर्समधला रुमाल सोडला आणि सेल टेबलावर ठेवले. "हे पिवळे चंद्र बघा. ही क्लॅम्पच्या गादीची खूण आहे. सील बरोबर होतं. नट मी पान्याने आवळले, त्याने सील चेपलं आणि काच तडकली. पाना लावू नको असं तिने सांगितलं होतं. हा चौथा सेल बोटांनी बसवलेला, याला काही झालेलं नाही. माझी चाचणी रद्द करा."

काचा हातोहात फिरल्या. कोणीतरी खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. मग संचालक म्हणाले, "मॅडम, हे असं समोर येऊन सांगायला मोठं धैर्य लागतं."

"धैर्याचं काही नाही," मी म्हणाले. "कोपरे बघा."

ठरलं ते असं: चाचणी रद्द, नव्या सेलवर पहिल्यापासून पुन्हा, निर्णय तोवर पुढे. बाहेर पडताना ते म्हातारे, त्या बाई, सगळे थांबून माझ्याशी बोलून गेले. धाकटी भिंतीला टेकून वाट बघत होती.

"कधी कळलं तुला?"

"परवा."

"आणि मघाशी अहवाल अख्खा वाचलास."

"वाचला."

"मी ते सैल गच्चीचं कबूल केलं असतं तर? बोलली असतीस?"

मी पर्सची चेन लावली. ती मध्येच अडकत होती.

"मला एप्रिलमध्येच शंका आली होती," ती म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला? नट कसे आवळलेस म्हणून तुला विचारू?" ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "आणि आता बघ. माझे सेल तू फोडलेस, आणि सगळे तुझीच वाहवा करून गेले. चुकलीस तरी तूच ताई."

तिच्या आवाजात काय होतं ते मी लगेच ओळखलं. तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आणि तो तिच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

६ जून

आईला सगळं सांगावं लागलं.

"म्हणजे तिचं तू बिघडवलंस?"

"हो."

"आणि सांगितलंसही तूच?"

"हो."

"मग आता परत होईपर्यंत ती इथेच राहणार?"

"यावेळी नट तीच बसवणार आणि रोज तीच बघणार म्हणते. राहील."

आई उठली, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली, आणि माझ्या कपाटातला वरचा कप्पा रिकामा करायला लागली. माझे कपडे खुर्चीवर ठेवले, नीट घड्या घालून. मी म्हटलं, "तुझ्या कपाटात जागा आहे." आई म्हणाली, "तुझं कपाट मोठं आहे."

ऑक्टोबरपर्यंत ती माझ्या घरात. आई, हे आणि ती, तिघांचं हसणं रोज जेवताना. हे मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं.

१९ जून

नवे सेल मांडले. धाकटी नट बसवत गेली, मी शेजारी उभी. हाताला काही काम नाही, ही सवय नाही मला. पाना खालीच ठेवून आले होते, तसं तिने सांगितलं नव्हतं.

फार बोललो नाही. ती एकेक नट बोटांनी फिरवायची, मान तिरकी करून बघायची, पुढे जायची. नखं कापलेली होती, बोटांची टोकं लाल झाली होती. वारा सकाळपासूनच वाढत होता.

शेवटच्या रांगेत एका सेलपाशी थांबली. "ताई, एवढं बस्स ना?"

मी गादीवर बोट ठेवून पाहिलं. नट सैल होता. दुपारच्या वाऱ्याने एका झटक्यात काच उचलली असती. तिला ते बोटाला कळणं शक्य नव्हतं, तिने आयुष्यभर बंद खोलीत काम केलं आहे. हो म्हणायला मला काहीच लागत नव्हतं. बोटांनीच आवळायचं हा तिचाच आग्रह, नट तिच्याच हातचा, आणि माझी चूक आता सगळ्यांना तोंडपाठ झाली आहे. यावेळी तिची झाली असती.

"ताई?"

"थांब, बघतेय."

खाली कोणीतरी गाडी लावत होतं. मी त्या गाडीकडे पाहिलं, मग काचेकडे.

"अजून पाव आटा," मी म्हणाले.

तिने पाव आटा फिरवला आणि पुढच्या नटाला हात घातला. माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.